रात्रीचे तीन

धंतोलीच्या दवाखान्यात, ऐन मे महिन्यात,
मॅडमनी टेबलावर तीन पेनं मांडली
आणि म्हणाल्या, निखारेजी, तुम्हीच सांगा.

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.
सूत सोसायटीचं, रंग शेठचा,
किनार गिऱ्हाईक म्हणेल ती.
गोळीबार चौकात एकतीस वर्षं मागावर बसलो
तेव्हा माझं म्हणून काय होतं, तर पाय.
आता त्यांच्या बोटांत मुंग्या आहेत की काहीच नाही
तेही नीट सांगता येत नाही.

पहिलं माझं जुनंच. दुधाळ.
तळहातांत वीस वेळा घोळवायचं
तेव्हा कुठं वर-खाली सारखं पांढरं होतं.
स्वस्त. मेडिकलच्या खिडकीवर रांग लावली तर फुकटही.
पण रात्री दहाला घेतलं
की तीनच्या सुमारास ते जागं होतं
आणि घरात खायला काही आहे का ते हुडकतं.
काही नसलं तर मला खातं.

दुसरं पाण्यासारखं नितळ. चोवीस तासांचं.
फक्त घड्याळ पाळा, मॅडम म्हणाल्या.
तिसरं बेचाळीस तासांचं.
आज नऊला, उद्या अकराला, चालतं म्हणे,
लग्नाकार्यात, प्रवासात.
मी म्हटलं, मॅडम, मी जातो कुठं?
मागच्या साली कामठीला गेलो, तेही मयतीला.
आणि नावं दोघांची अशी
की भिलाईला आलेले रशियन इंजिनियर वाटावेत:
ग्लार्जिन. डेग्लुडेक.

मॅडमनी कागदावर रेघा काढल्या.
पहिली टेकडीसारखी, दुसरी जवळपास सपाट,
तिसरी पट्टीनं आखल्यासारखी.
मला जे कळलं ते वेगळंच.
हा ताणा आहे.
जेवणाआधीची छोटी सुई म्हणजे बाणा,
धोटा इकडून तिकडं,
सावजी रस्सा असला तर एक फेरी जास्त.
पण ताणाच कुठं ढिला, कुठं घट्ट,
तर पदरावर मोर काढून करायचं काय?

मग मी भाव विचारला.
त्यांनी सांगितला.
मी पंख्याकडं पाहिलं.

तेव्हा अनसूया, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली,
दवाखान्यात जी कधी तोंड उघडत नाही,
म्हणाली,
"मॅडमजी, यातलं कोणतं घेतलं तं मले झोप लागन?"

मॅडमना आधी समजलंच नाही.
सुई तुम्हाला नाही ना, म्हणाल्या.
"सुई यायले. जागी मी."

दोन वर्षं, रोज, तीन वाजता
तिचा हात माझ्या मानेवर यायचा, घाम चाचपायला.
मला झोपेत वाटायचं, माया.
होतीही. पहारा जास्त होता.
त्या पोळ्याच्या रात्री साखर अठ्ठेचाळीस,
मी म्हणे तिला ओळखलंच नाही,
हात जोडून म्हणालो, धागा तुटला मालकीणबाई,
मजुरी कापू नका.
आणि तिनं संत्रा बर्फी कुस्करून
माझ्या हिरड्यांना चोळली, पहाटेपर्यंत थोडी थोडी.
हे तिनं मला सांगितलं नव्हतं.
मॅडमना सांगितलं, म्हणून मी ऐकलं.

मधलं घेतलं.
नातवाची ट्यूशन तोडली नाही, खर्रा सोडला.
त्यातूनच अर्धेअधिक पैसे निघतात
हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.
म्हणजे सगळ्यांनी सांगितलं होतं.
नवी पेनं धकाते वहिनींच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या मागं.
चालू पेन रांजणाशी, ओल्या फडक्यात,
पंचेचाळीस डिग्रीत, लाइट गेली तरी.

काल तीन वाजता जाग आली. मलाच.
बोट टोचून पाहिलं, एकशे अठरा.
कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास,
आणि ती भिंतीकडं तोंड करून
अशी झोपलेली की नवरा नसल्यासारखी.
मी माझ्या मानेला हात लावला. कोरडी.
मग तिच्या मानेला.
ओलीचिंब. मे महिनाच आहे.

कूलर तिच्याकडं वळवला
आणि बसून राहिलो.